तिथं बसून नुसतं रडायचंच असेल तर कशाला जायचं?

पत्र असं आलंय. थोडं कापून देते, ओळख पटेल असं काही ठेवलं नाही.

"काकू नमस्कार. मी बेळगावात अनगोळला राहते, माहेर खानापूर तालुक्यात, गावाचं नाव लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा. गोव्यात कंपनीत कामाला होता, चार वर्षांमागं परत आला ते एकटाच बडबडत, जेवणात कायतरी घातलंय म्हणत. आधी सगळं देवधर्म झालं, मग डॉक्टर. स्किझोफ्रेनिया सांगितलंय. गोळ्यांनी फरक आहे पण आंघोळ करत नाही, दिवसभर झोपून असतो, मध्येच गोळ्या थुंकतो. आई-बाबा थकलेत. दवाखान्यातल्या सोशल वर्कर मॅडम म्हणाल्या की पेशंटच्या घरच्यांची महिन्याला मीटिंग असते, येत जा. मी एकदा गेले. एक बाई सुरुवातीपासून रडायलेली, निम्मं बोलणं कन्नडमध्ये, आणि एक काका सांगायलेत की मुलाच्या गोळ्या बंद करून काढा चालू केला, आता तो फर्स्टक्लास आहे. डोकं धरूनच घरी आले. मिस्टर म्हणतात घरची धुणी चार लोकांत कशाला धुवायची. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय, बाहेर कळलं तर? आणि डॉक्टर नसलेली माणसं एकत्र बसून होतंय काय? खरं सांगा, जाऊ का नको? — एक बहीण"

अगं, जा. एकदा जाऊन सोडू नकोस, तीन-चार वेळा जा आणि मग ठरव.

आता कारण सांगते. तू तिथं गेलीस ते भावाला बरं करायचा काहीतरी उपाय मिळेल म्हणून, आणि मिळाला काय तर काढा, म्हणून तुझं डोकं दुखलं. पण ती मीटिंग भावासाठी नसतेच, ती तुझ्यासाठी आणि आई-बाबांसाठी असते. भावासाठी डॉक्टर आहेत. कुठली गोळी, किती, रक्त कधी तपासायचं, वजन आणि साखर वाढतेय का, हे त्यांनी बघायचं आणि ते बघतातही, पण ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते, तुमच्या वाट्याला पाच-दहा मिनिटं येतात, त्यात गोळ्यांचंच बोलणं पुरं होत नाही. सकाळी साडेसहाला तो पांघरूण ओढून पडलाय, बाबा ओरडायला लागलेत, आई देवापुढं उभी राहून डोळे पुसतेय, त्यावेळी नेमकं काय करायचं हे कुठल्या प्रिस्क्रिप्शनवर लिहून मिळत नाही. ते फक्त त्यालाच माहीत असतं ज्याच्या घरात हीच सकाळ रोज होते.

आंघोळीचंच बघ. अशाच एका मीटिंगला मी बसले होते, वडगावकडची एक बाई होती, घरात माग आहेत, मुलगा पंचविशीतला. ती सांगत होती की आधी मी त्याला सकाळपासून दहादा म्हणायची, आंघोळ कर, वास येतोय, लोक काय म्हणतील, आणि तो दार लावून घ्यायचा. आता मी हंडा तापवते, बादली काढते, टॉवेल आणि धुतलेला शर्ट खुर्चीवर ठेवते, एकदाच सांगते पाणी काढलंय म्हणून, आणि मागाकडं निघून जाते. मग कधी करतो, कधी पाणी तसंच गार होतं. कुणीतरी विचारलं, रोज करतो काय? तर म्हणाली "वारक्के मूरु सल, साकु." आठवड्याला तीनदा, पुरे की. तिथं एक गृहस्थ बसले होते, रिटायर मास्तर, ते मुलाशी रोजच्या आंघोळीवरून रोज भांडत होते, ते एकदम गप्प झाले आणि थोड्या वेळानं म्हणाले, तीनदा चालतंय होय? बघ, एवढंच. पण हे "तीनदा पुरे" मी किंवा डॉक्टरनी सांगितलं असतं तर मास्तरांनी ऐकलं नसतं, त्या बाईनं सांगितलं म्हणून ऐकलं, कारण ती रोज हंडा तापवते.

आणि हे दिसतं तेवढं साधं नाहीये. दिवसभर लोळणं, आंघोळ नको, कुणाशी बोलायचं नाही, याला घरचे आळस म्हणतात आणि तिथंच सगळा घोळ होतो. तो आजाराचाच भाग आहे. गोळ्यांनी कानातले आवाज, संशय हे बऱ्यापैकी कमी होतं, पण हा जो निरुत्साह असतो तो गोळ्यांना सहजासहजी दाद देत नाही. मग घरचे म्हणतात, आता बडबडत नाही म्हंजे बरा झालाय, मग उठत का नाही, मुद्दाम करतोय. आणि टोमणे सुरू. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतर व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी यावर बरीच वर्षं काम केलं, १९७६ चा त्यांचा अभ्यास अजून सगळीकडं सांगतात. ज्या घरात पेशंटवर सतत टीका, चिडचिड असते, किंवा उलट त्याला लहान बाळासारखं क्षणभर एकटं सोडत नाहीत, त्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, असं त्यांना दिसलं. आता लगेच आईला जाऊन सांगू नकोस की तुझ्यामुळं झालं. घरच्यांमुळं हा आजार होत नाही, अजिबात नाही, पण झाल्यावर घरातलं वागणं कसं आहे यानं फरक पडतो. पुढं चंदीगडला तसाच अभ्यास झाला तेव्हा आपल्याकडच्या कुटुंबांत ही टीका लंडनपेक्षा कमी आढळली. म्हणजे आपली माणसं मुळात सोसणारी आहेत, फक्त चार-चार वर्षं सोसून ती संपत येतात. तुझ्या बाबांचं तेच झालंय असं पत्रावरून वाटतंय.

मग ते टोमणे कमी करायला शिकायचं कुठं? पुस्तक वाचून होत नाही. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकताना आपलं ऐकू येतं, तसं होतं. ती बाई दहादा ओरडायची म्हणाली तेव्हा मास्तरांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

हे काही फॉरेनचं फॅड आहे असं मिस्टरांना वाटत असेल तर त्यांना अमृतसरचं सांग. १९५० च्या दशकात तिथल्या मेंटल हॉस्पिटलला डॉ. विद्यासागर म्हणून सुपरिंटेंडेंट होते. हॉस्पिटलमध्ये पेशंट मावत नव्हते, तर त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाईकांना सांगितलं तुम्ही पण इथंच राहा पेशंटबरोबर. घरच्यांना एकत्र बसवून ते आजाराबद्दल बोलायचे, आणि घरचे एकमेकांचं बघून शिकायचे. त्या काळात सगळीकडं रीत काय होती, तर पेशंट आत, कुलूप, आणि नातेवाईक गेटच्या बाहेर. तंबूतल्या लोकांना पेशंट बरा होताना डोळ्यांनी दिसायचा, त्यामुळं त्याला घरी न्यायची भीती गेली आणि पेशंट लवकर घरी जायला लागले. जागा नव्हती म्हणून ठोकलेले तंबू, आणि त्यातून आपल्या देशातली घरच्यांना बरोबर घेऊन उपचार करायची रीत सुरू झाली.

आता "डॉक्टर नसलेली माणसं बसून होतंय काय" याचं सरळ उत्तर. प्रश्नाप्रश्नात फरक आहे. दारूचं म्हणशील तर १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघंही पक्के दारुडे, भेटले आणि दुसऱ्या दारुड्याशी बोलत बसलं की आपली प्यायची ओढ कमी होते हे त्यांच्या लक्षात आलं, त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. त्यावर २०२० मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हंजे उपचारांवरचे अभ्यास तपासणारी जी संस्था आहे त्यांनी, २७ अभ्यास एकत्र करून बघितले, तर पूर्ण दारू बंद ठेवण्याच्या बाबतीत तो मार्ग इतर नावाजलेल्या उपचारांच्या बरोबरीचा किंवा सरस निघाला. दारुड्यांच्या घरच्यांसाठी १९५१ ला अल-अनॉन वेगळं निघालं, म्हंजे बघ, घरच्यांना वेगळं बसायला लागतं हे त्यांनाही कळलं. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालवलाय. आपल्याकडं धर्मस्थळच्या योजनेची मद्यवर्जन शिबिरं गावोगाव होतात, ती संपल्यावर सोडलेल्यांची 'नवजीवन समिती' करतात, ती याच जातीची गोष्ट, शिबिर आठवड्याभरात संपतं पण खरी परीक्षा नंतर असते म्हणून.

तुझ्या भावाच्या आजारात मात्र गटानं आजार जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. जे होतं ते वेगळं. अमेरिकेत मॅकफार्लेन म्हणून डॉक्टर आहेत, त्यांनी एकेका कुटुंबाला वेगळं शिकवण्याऐवजी पाच-सहा कुटुंबांना एकत्र बसवून शिकवलं, गोळ्या सगळ्यांना चालूच, तर एकत्र बसलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहिलं. माहिती दोन्हीकडं सारखी, शिकवणारे सारखे, तरी फरक पडला. आणि घरच्यांनीच घरच्यांना शिकवायचे जे वर्ग तिथं चालतात, त्यात जाणाऱ्यांचा ताण कमी होतो, प्रसंग हाताळायचा धीर येतो, हेही तपासलं गेलंय.

आपल्याच जिल्ह्यातलं सांगते, कारण लोक विसरतात. घटप्रभेची 'मास' संस्था, महिला अभिवृद्धी मत्तू संरक्षण संस्था, ती पूर्वी देवदासी असलेल्या बायकांनी स्वतः चालवलेली आहे. देवदासी बंदीचा कायदा १९८२ चा, पण कायद्यानं यल्लम्माला मुली सोडायचं एका दिवसात थांबलं नाही, त्यातून बाहेर पडलेल्या बायकाच दुसऱ्या घरी जाऊन बोलल्या, तेव्हा लोकांनी ऐकलं. त्यातल्या सितव्वा जोडट्टींना २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांचं दुखणं तुझ्यापेक्षा वेगळं, पण जे भोगलंय तेच सांगायचं ही पद्धत तीच.

खानापूरची आहेस म्हंजे पैरा तुला सांगायला नको. रोप लावणीला आज सगळे माझ्या शेतात, उद्या तुझ्या, मजुरी कुणी कुणाला देत नाही. गटात तसंच चालतं, आणि त्यात एक गंमत आहे, इथं दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचंच शेत जास्त पिकतं. रीसमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं हे १९६५ मध्येच लिहून ठेवलंय, की मदत घेणाऱ्याला किती फायदा होतो ते माहीत नाही पण देणाऱ्याला बहुधा होतोच. तू चार वर्षं फक्त घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलीयस. डॉक्टर सांगणार तू ऐकणार, पाहुणे सांगणार तू ऐकणार, सासरचे सांगणार तू ऐकणार. तिथं पुढच्या महिन्यात एखादी नवीन बाई येईल, जिचा मुलगा कालपरवा घरी आलाय जेवणात विष आहे म्हणत, आणि तू तिला सांगशील की आम्ही सगळे एकाच पातेल्यातलं वाढून घेतो आणि आधी मी खाते, वाद घालत नाही. त्या दिवशी घरी येताना तुझं डोकं दुखणार नाही.

(वादावरनं आठवलं. आवाज ऐकू येतात म्हणाला तर "कुठं काय, काही नाही" म्हणून भांडू नका आणि "होय होय मलाही येतोय" असंही नको. तुला ऐकू येतंय, मला येत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय, असं म्हणायचं. हे पण मी अशा बैठकीतच ऐकलंय, एका आजीकडून.)

आता त्या काकांकडं वळू. काढा चालू करून किती दिवस झाले हे कुणी विचारलं का? हा आजार असा फसवतो की गोळ्या बंद केल्या की दुसऱ्या दिवशी काही होत नाही, कित्येकदा काही आठवडे, काही महिने माणूस उलट टवटवीत दिसतो, कारण गोळ्यांची झोप आणि जडपणा गेलेला असतो. मग एक दिवस धाडकन. पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांचा एक अभ्यास १९९९ ला छापून आला, त्यात औषध सोडणाऱ्यांना पुन्हा आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट दिसला. त्यामुळं गटात एक नियम पाहिजेच पाहिजे, आपला अनुभव सांगायचा, दुसऱ्याच्या गोळ्यांबद्दल बोलायचं नाही. काका बोलत असताना मॅडमनी तिथंच थांबवायला हवं होतं. थांबवलं नसेल तर तो गट चालवण्यातला दोष आहे, तू मॅडमना नंतर एकटं गाठून सांग, त्यात काही चूक नाही. देवाचंही तसंच, यल्लम्माच्या डोंगरावर जायचंय जाऊन या, नवस करा, पण गोळ्यांचं पाकीट पिशवीत असू दे. आणि कुठल्या मठात-दर्ग्यात नेऊन ठेवा म्हणणारा पाहुणा भेटलाच असेल, नसेल तर भेटेल, त्याला तमिळनाडूतल्या एरवाडीचं सांग. ६ ऑगस्ट २००१, साखळ्यांनी बांधलेले पेशंट, पहाटे आग लागली, २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आता साखळीनं बांधणं गुन्ह्यात जातं.

रडणाऱ्या बाईवर चिडू नकोस. ती बहुतेक पहिल्यांदाच आली असेल आणि तिला रडायला घरात जागा नसेल. पण प्रत्येक मीटिंग एकाच माणसाच्या रडण्यात गेली तर बाकीचे यायचे बंद होतात हे पण खरं. चांगला गट चालवणारा प्रत्येकाला वेळ वाटून देतो, आणि शेवटी "या महिन्यात घरात काय जमलं" हे विचारतो. काय बिघडलं ते सगळेच न विचारता सांगतात.

कन्नडचं म्हणशील तर हसू आलं. सीमाप्रश्न १९५६ पासून पडलाय, महाजन अहवाल येऊन गेला, केस सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेपर्यंत तुझ्या भावानं आंघोळीवाचून बसायचं का? अगं, बाजारात, बँकेत, शाळेच्या मीटिंगला आपण कन्नड समजून घेतोच की. शेजारी बसलेल्या बाईला विचार काय म्हणाली ती, सांगेल. वडगावच्या त्या बाईचं पण अर्धं मला शेजारणीनंच सांगितलं. हां, तुला मनातलं बोलायचंय ते मराठीत बोल, बिनधास्त, दुःख परक्या भाषेत नीट सांगता येत नाही, आणि तिथं बसलेल्या कन्नड माणसांना मराठी समजतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त.

बाहेर कळायचं भय मात्र खरं आहे, मी ते उडवून लावणार नाही. बेळगाव केवढंसं, अनगोळचा माणूस शहापुरात कुणाचा तरी साडू निघतोच. म्हणून गावात नको, तालुक्याच्या ठिकाणी पण नको, शहरातल्याच मीटिंगला जा. पूर्ण नाव, आडनाव, गाव काही सांगायची सक्ती नसते, नुसतं "भाऊ आजारी आहे" पुरतं. इथलं बोलणं इथंच, हा नियम दरवेळी सुरुवातीला मोठ्यानं सांगतात का बघ, सांगत नसतील तर तूच म्हण सांगा म्हणून. फोटो काढून ग्रुपवर टाकत असतील तर स्पष्ट नाही म्हणायचं. आणि एक साधी गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही वाटतं, तिथं तुला ओळखीचं कुणी भेटलं तर तेही त्याच कारणानं आलेलं असणार, तुझं गुपित त्याच्याकडं तसं त्याचं तुझ्याकडं.

मिस्टरांना पण हेच सांग. चार लोकांत धुवायची नाहीत, ज्यांच्या घरी हाच ढीग पडलाय अशाच चौघांत धुवायचीत. आणि त्यांना एकदा विचार, तुम्ही ऐकून घेणार का रोज रात्री? ऐकणार असतील तर उत्तमच. बहुतेक म्हणतील जा बाई मीटिंगला.

बहिणीच्या लग्नाचं माझं मत ऐक, पटलं तर घे. लपवून केलेलं लग्न पुढं कळल्यावर जास्त महागात जातं, आणि कळतंच, कारण लग्नाला भाऊ कुठंय हे पहिल्याच बैठकीत विचारतात. मुलाकडच्यांना गोष्ट पुढं सरकल्यावर, साखरपुड्याच्या आधी, साध्या शब्दात सांगायचं, आजार आहे, उपचार चालू आहेत. हे आनुवंशिक आहे का विचारतील. सख्ख्या भावंडाला हा आजार व्हायची शक्यता साधारण शंभरात नऊ-दहा, एरवी कुणालाही शंभरात एक, म्हंजे भावाला असला तरी शंभरातल्या नव्वद भावंडांना काही होत नाही. हा आकडा डॉक्टरांकडून पण वदवून घे, मग बोलताना अडखळणार नाहीस. पण सांगायचं का, कधी, कुणाला, हे बहिणीनं ठरवायचं, तू आणि बाबांनी परस्पर नाही. तिला पण एकदा मीटिंगला ने, तिथं अशी लग्नं जमवून मोकळे झालेले आई-बाप असतात, त्यांनी काय सांगितलं, कसं सांगितलं ते तिला त्यांच्या तोंडून ऐकू दे.

गोळ्या थुंकण्याचं विसरलेच. आधी का थुंकतो ते बघ. झोप येते, हात थरथरतो, वजन वाढलं, तोंडातनं लाळ येते, यातलं काही असेल तर तो वेडेपणा नाही, तक्रार आहे, डॉक्टरांना सांगा, गोळी किंवा डोस बदलता येतो. आणि काही औषधं पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं एकदा इंजेक्शनमधनं देता येतात, रोजची मारामारी वाचते. तुझ्या भावाला चालेल का ते डॉक्टरच ठरवणार, पण विचार तरी. खूप घरांना हे इंजेक्शन आहे हेच माहीत नसतं, दुसऱ्या पेशंटच्या आईकडून कळतं. तसंच यूडीआयडी कार्डाचं, म्हंजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार पण धरलेत, ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं सर्टिफिकेट मिळालं तर सवलती मागता येतात. आता त्यासाठी सिव्हिलला कुठल्या खिडकीला जायचं, कुठला कागद आधी झेरॉक्स करून न्यायचा, कोण दुपारी जेवायला जातो, ही माहिती सरकारी वेबसाइटवर नाही मिळणार तुला, मागच्याच महिन्यात खेटे घालून आलेल्या बापाकडं मिळेल.

तीन-चार वेळा जाऊनही तो गट नाहीच जमला, तर सोड की, काही शपथ नाही घेतलेली. मॅडमना विचार की अजून दोन-तीन घरं आहेत का ज्यांना मराठीतनं बसायचंय. तीन घरं पुरतात सुरुवातीला. जागा कुणाच्या घरी नको, चहा-फराळाचं ओझं होतं आणि शेजारी विचारतात कोण आलंय. दवाखान्यातलीच एखादी खोली रविवारी मागा, नाहीतर वाचनालय, शाळेचा वर्ग. वेळ दीड तास, दर महिन्याला तोच वार, तीच वेळ, कुणी येवो न येवो. पैशांची देवाणघेवाण अजिबात नाही, उसने तर नाहीच नाही, कित्येक चांगले गट पाच-दहा हजारावरून फुटलेत. कुणी हर्बल पावडर, विमा, चेन मार्केटिंग घेऊन आला तर पहिल्याच वेळी दार दाखवायचं. व्हॉट्सॲप ग्रुप काढाल तर फक्त मीटिंगचा निरोप द्यायला, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांत सगळं बुडून जातं आणि रात्री बारा वाजता कुणीतरी घाबरवणारा व्हिडिओ टाकतो. महिन्या-दोन महिन्यांतनं एकदा डॉक्टर किंवा मॅडमना बोलवा, प्रश्न साठवून ठेवा. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, ते स्वतः याच आजाराच्या पेशंटचे नवरे होते, तिथं घरच्यांचे गट पुष्कळ वर्षं चाललेत, कसं चालवायचं ते विचारायला त्यांच्याशी बोलता येईल.

एक गोष्ट मात्र मीटिंगवर ढकलायची नाही. भाऊ मरायची भाषा करायला लागला, खाणंपिणं सोडलं, कुणावर हात टाकला किंवा चार-चार रात्री झोपला नाही, तर महिन्याच्या रविवारची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-अपरात्री काय करायचं सुचलं नाही तर १४४१६ ला फोन लाव, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं, कन्नड-मराठी दोन्हीत बोलता येतं. ॲडमिट करायची वेळ आली आणि बेळगावात नाही जमलं तर धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे.

पुढच्या वेळी एकटी जाऊ नकोस, आईला बोलवून घे. तिला बोलायची जबरदस्ती नको, नुसती बसू दे, चहा पिऊ दे, दुसऱ्या आया काय म्हणतात ऐकू दे. त्या दोन-तीन तासांत भावाजवळ बाबा नाहीतर बहीण थांबेल, आणि त्याला खोटं सांगू नका बाजारात गेलेत म्हणून, मीटिंगला गेलेत असंच सांगा, त्यालाही यायचं असेल कधीतरी. खानापूर ते बेळगाव सरकारी बसला आईला तिकीट पडत नाही, शक्ती योजना आहे, फक्त आधार कार्ड बरोबर घे म्हणावं. बाबांचं तेवढं काढावं लागेल, ते यायला तयार झाले तर.